पॉज काढून टाकला ते वर्ष

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. कोणाला दाखवायला नाही. मोठे निर्णय घेणाऱ्या माणसाला आपण काय विचार केला होता हे पुढे आठवावं, एवढ्यासाठीच.

आजचा मोठा निर्णय: आमचा नवा गेम 'कोल्ड गॅरिसन' आधी मल्टिप्लेअर, म्हणजे माणसांनी एकमेकांशी खेळायचा. वेळ उरला तर बाकीचं. सगळ्या स्टुडिओसमोर जाहीर करून टाकलं. व्हँकूवरजवळ बर्नबीतल्या या गळक्या इमारतीत आम्ही मूठभर माणसं कित्येक वर्षं एकाच जातीचे खेळ घडवतोय. वरून नकाशा दिसतो, खाणी खणायच्या, कारखाने उभारायचे, फौजा पाठवायच्या, आणि हे सगळं घड्याळ चालू असताना. असा खेळ माणसाने माणसाशीच खेळावा. कॉम्प्युटरशी काय खेळायचं? तो हरला तरी त्याचं तोंड पडत नाही.

मार्गो थिबो उभी राहिली. ती कॅम्पेन लिहिते, म्हणजे एकट्याने खेळायच्या मोहिमा, गोष्टीसकट. म्हणाली, "स्टेन, गेम विकत घेणाऱ्यांतले बहुतेक लोक दुसऱ्या माणसाशी एकदाही खेळत नाहीत. तुलाही माहीत आहे हे." मी म्हटलं, मग आपण त्यांना खेळायला लावू. इथे टाळ्या यायला हव्या होत्या. नेटवर्कवाल्या गुरदीपने खुर्ची सरकवली, तिचा तेवढा आवाज झाला.

संकल्प: रोज आमच्या आधीच्या गेमच्या लॅडरवर, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीत, एक मॅच. अनोळखी माणसाशी, हारजीत नोंदवून. डायरेक्टरने स्वतः मैदानात उतरलं पाहिजे. आणि डोनट बंद.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मॅच हरलो. नेट खराब होतं. डोनट एक, पण तो मीटिंगमधला, म्हणून धरत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आयव्हरला फोन केला. माझा थोरला भाऊ. वर प्रिन्स जॉर्जला असतो, लाकडाच्या मिलमधून गेल्या वर्षी मुदतीआधीच निवृत्त झाला. मला असल्या खेळांची चटक त्यानेच लावली, घराच्या तळघरातल्या कॉम्प्युटरवर. तो मात्र जन्मभर एकटाच खेळला. पॉज दाबायचा, वर जाऊन कॉफी करून आणायचा, नकाशाकडे बघत बसायचा, मग एकेका तुकडीला सावकाश हुकूम द्यायचा आणि घड्याळ सोडायचा. एका लढाईत अख्खा शनिवार जायचा. मी शेजारी बसून चुळबुळायचो.

आमच्या गेमची कच्ची आवृत्ती त्याच्याकडे आहे. खुशीत होता. "पॉज झकास जमलाय रे बारक्या. सगळं जागच्या जागी थांबतं, मी हुकूम देतो, मग पुन्हा चालू. नदीची मोहीम दोनदा खेळलो." म्हटलं, खरी मजा आता मल्टिप्लेअरमध्ये येणार आहे, बघच. म्हणाला, "ते तुम्हा पोरांचं."

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गुरदीप सहोता आज केबिनमध्ये आला आणि दार लावून घेतलं. म्हणजे काहीतरी अवघड असतं. म्हणाला, एकट्याचा खेळ आणि अनेकांचा खेळ आपण आतून वेगवेगळे चालवतोय. दोन्ही सांभाळत बसलो तर मल्टिप्लेअर सप्टेंबरपर्यंत होत नाही. दोन्ही एकाच सर्व्हरवर आणले तर होईल. पण मग पॉज जाईल. सर्व्हर कोणासाठी थांबत नाही. "पॉज ठेवायचाच असेल तर मला त्याच्यासाठी दोन महिने वेगळे दे. नुसते दोन महिने."

दोन महिने! तेवढ्यात रँकचे बिल्ले होतात. लोकांना एकमेकांचे सामने बघायची सोय होते.

पॉज काढला. तिथल्या तिथे. गुरदीपला वाटलं होतं मी रात्रभर विचार करीन. तो मला अजून ओळखत नाही.

मार्गोला सांगितलं. ती म्हणाली, "लोक त्या वेळात विचार करतात, स्टेन." मी म्हटलं, विचार चालता चालताही करता येतो. वाक्य बरं जमलं. मुलाखतीत वापरायचं.

४ मार्च, मंगळवार

आमच्या फोरमवर पॉज काढल्याचं उत्साहाने स्वागत. 'अखेर कोणीतरी हिंमत दाखवली!' असं एकाने लिहिलं. त्याला आणखी दोघांनी दुजोरा दिला. तो पहिला मीच, दुसऱ्या नावाने. पण चर्चेला सुरुवात कोणीतरी करावीच लागते.

मॅच हरलो. समोरचा माणूस विचित्र खेळत होता.

१६ मार्च, रविवार

आयव्हरचाच फोन आला. सहसा तो करत नाही. म्हणाला, "माझ्याच मशीनला काहीतरी झालंय रे. नवी आवृत्ती घातल्यापासून पॉज दाबला की नुसता मेनू येतो. मागे लढाई चालूच. मी बघेपर्यंत सगळे मेलेले." मी त्याला सर्व्हरचं नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हं. मुद्दाम काढलाय होय. बरोबरच असणार तुझं. तुला कळतं त्यातलं."

बघा, इतक्या दूरचा साधा खेळाडूसुद्धा समजून घेतो. मार्गोला जमत नाही.

नंतर लोरेनने फोन घेतला. आयव्हरची बायको. स्वयंपाकघरात गेली असावी, नळाचा आवाज येत होता. हळू बोलत होती. "स्टेन, त्याचे हात. पार्किन्सन सांगितलंय डॉक्टरांनी, जानेवारीत बोलले होते मी तुझ्याशी. माऊस नेमका नेऊन ठेवायला त्याला वेळ लागतो. पॉज होता तोवर जमत होतं. दुपारी तेवढाच बरा असायचा तो."

जानेवारीत ती काहीतरी बोलली होती खरी. मी गाडीत होतो. तिला म्हटलं, हात वापरात राहिले की आपोआप मोकळे होतात. पॉजमुळे उलट आळसावतात. थोडा वेग आला की त्यालाच बरं वाटेल. ती म्हणाली, "बरं." इतकं लहान 'बरं' मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

संकल्प: आयव्हरला उत्तम माऊस पाठवायचा. स्पर्धेत खेळणारे वापरतात तो, हलका आणि चपळ.

२ एप्रिल, बुधवार

माऊस पाठवला. आपण किती करतो माणसांचं, ते बोलून दाखवत नाही म्हणून कळत नाही.

मॅच हरलो. समोरच्याने शेवटी 'तू बरा आहेस ना?' असं लिहिलं. या खेळात किती आपुलकीची माणसं भेटतात! एकट्याच्या खेळात हे कुठून मिळणार?

२० एप्रिल, रविवार, ईस्टर

प्रिन्स जॉर्जला जाणार होतो. लोरेनने सणाच्या जेवणाला हॅम करते म्हणून सांगितलं होतं. पण वाळवंटाच्या नकाशावर डाव्या बाजूच्या खेळाडूला खाण किंचित जवळ पडते असं ध्यानात आलं. असा अन्याय ठेवून जाणार कसं?

फोन केला. आयव्हर म्हणाला, "माऊस फार छान आहे. जरा उडतो. बोट लावलं की नकाशाच्या पार टोकाला." म्हटलं, सवय होईल. म्हणाला, "होईल की."

मग त्यानेच विषय बदलला. नदीवरचा बर्फ फुटलाय म्हणे. बराच वेळ बर्फाबद्दल बोलला. मी तोवर वाळवंटातली खाण सरकवून घेतली.

६ मे, मंगळवार

मार्गोने राजीनामा दिला.

झालं असं की मोहिमा निम्म्याहून कमी कराव्या लागल्या. ज्या राहिल्या त्या मल्टिप्लेअरचा सराव म्हणून ठेवल्या. तिच्या गोष्टीतली आई-मुलीची भेट गेली, कारण त्या मोहिमेत लढाईच नव्हती. नुसतं निर्वासितांना बर्फातून पलीकडे न्यायचं. कोण शिकणार त्यातून?

तिने आरडाओरडा केला असता तर माझ्याकडे उत्तरं तयार होती. तिने विचारलं, "तुझा भाऊ कसा आहे?"

मला कळेना हे कुठून आलं. मग म्हणाली, "माझा सगळ्यात चांगला टेस्टर होता तो. प्रत्येक मोहिमेबद्दल मला सविस्तर लिहायचा. कुठला पूल अरुंद आहे, कुठल्या सैनिकाचा आवाज थकलेला वाटतो. मार्चपासून एक ओळ नाही. मी विचारलं तर म्हणे मशीन बिघडलंय."

आयव्हर तिला लिहायचा, हे मला माहीत नव्हतं. मला कधी त्याने लिहिलं नाही. मी म्हटलं, आयव्हरची माझ्याकडे काही तक्रार नाही. त्यावर ती म्हणाली, "नाही ना? मग झालं तर." आणि आपलं कुंडीतलं झाड काखोटीला मारून निघून गेली.

काही लोकांना बदल पचत नाही. झाड ऑफिसचं होतं की तिचं, ते विचारायचं राहिलं.

११ जून, बुधवार

जाहिरातीसाठी स्पर्धा घेतली. कम्युनिटी सेंटरचा हॉल. पोस्टर उत्तम, खुर्च्या भरपूर. गर्दी बेताची, पण जाणकार. शेजारच्या हॉलमधल्या योगाच्या बायका चुकून आल्या होत्या, त्यातल्या दोघी शेवटपर्यंत बसल्या.

सुरुवातीला माझा आणि गुरदीपचा सामना, लोकांना खेळ दाखवायला. तो एका हाताने पिझ्झा खात होता. मी मुद्दाम बचावात्मक खेळून दाखवलं. त्यामुळे लवकर संपला.

१ जुलै, मंगळवार

कॅनडा दिनाची सुट्टी. सगळे तलावावर. मी ऑफिसात. गॅलरीतून कोणाच्या तरी बार्बेक्यूचा वास येत होता. लोरेनचा निरोप होता की आयव्हरला तपासणीसाठी इकडे व्हँकूवरला आणलंय, दोन दिवस आहेत, जेवायला ये. आठवड्याच्या शेवटी जाऊ असं ठरवलं.

५ जुलै, शनिवार

ते गुरुवारीच परत गेले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज गेम बाजारात! शॅम्पेन फोडली. मी भाषण केलं. 'विचार चालता चालताही करता येतो' हे वाक्य घेतलं. कोणी लिहून घेताना दिसलं नाही, पण अशी वाक्यं लक्षात राहतात.

१८ सप्टेंबर, गुरुवार

लोकांचे अभिप्राय वाचतोय. सुरुवातीचा गोंगाट असतो, मनावर घ्यायचं नाही. बहुतेकांना एकच खुसपट काढायचंय: एकट्याने खेळतानाही पॉज का नाही? एकीच्या घरात तान्हं बाळ आहे. एकाच्या म्हाताऱ्या आईला मधेच उठून औषध द्यावं लागतं. एकाने लिहिलंय की अपघातानंतर त्याचा एकच हात चालतो, आमच्या आधीच्या गेममध्ये पॉजमुळे तो सगळ्यांच्या बरोबरीने खेळायचा.

असे लोक थोडेच असतात. ते लिहितात म्हणून जास्त वाटतात.

खरे खेळाडू लॅडरवर असतात. म्हणून लॅडरवर गेलो. 'प्रतिस्पर्धी शोधत आहे' असं आलं. चक्र फिरत राहिलं. मी डबा खाल्ला, पोस्ट उघडली, परत आलो, चक्र फिरतच होतं. शेवटी एक सापडला. मोठ्या उत्साहाने खेळायला लागलो. थोड्या वेळाने पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "स्टेन, तू आहेस का रे हा?"

गुरदीप होता. तोही कोणी भेटतंय का बघायला आला होता. मग आम्ही खेळत राहिलो. दुसरं काय करणार?

२९ सप्टेंबर, सोमवार

गेमला पैसे पुरवणाऱ्या पब्लिशरने हात आखडता घेतला. स्टुडिओ बंद. मलाही जायला सांगितलं, म्हणजे पुढे सल्ला लागला तर बोलावतील. तसा स्वर होता.

गुरदीप खोक्यात आपला कप आणि मुलींचे फोटो भरत होता. मी विचारलं, आता पॉज घालता येईल का? माझ्यापुरता, एखाद्याच मशीनवर? त्याने खोकं खाली ठेवलं. रागावला नाही. म्हणाला, "दोन महिने मागितले होते रे मी." मग म्हणाला, "कोणासाठी हवाय?"

म्हटलं, सहज.

१२ ऑक्टोबर, रविवार

थँक्सगिव्हिंगच्या सणाला प्रिन्स जॉर्ज. आलो एकदाचा. दिवसभर गाडी चालवली, वाटेत ठरवलं की यंदा सगळी भरपाई करायची. आता वेळच वेळ आहे मला.

दार आयव्हरने उघडलं. उघडायला वेळ लागला. मी बाहेरून कडीशी चाललेली खटपट ऐकत होतो आणि मला वाटलं, कडी गंजली असेल. मग तो दिसला. बारीक झालाय. डावा हात खिशात, आणि खिसा आतून हलत होता. "आलास, बारक्या," म्हणाला. आवाजही कुठून तरी लांबून येतो त्याचा.

जेवताना लोरेन माझ्याशी रस्त्याबद्दल बोलत होती आणि बोलता बोलता, न बघता, त्याच्या ताटातल्या टर्कीचे तुकडे करून देत होती. त्याचा कप अर्धाच भरला होता. मला वाटलं कॉफी संपली. उठून भरायला गेलो, तर दोघंही एकदम "नको" म्हणाले.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, चल, खेळू. तू सांग, मी करतो. मी तुझे हात होतो. ही कल्पना मला हायवेवरच सुचली होती. सर्व्हर महिनाअखेरपर्यंत चालू आहेत. त्याचा चेहरा खरोखर उजळला. कॉम्प्युटरवर टेबलक्लॉथ घातला होता तो काढला, मी माऊस घेतला, तो शेजारी बसला. पूर्वी बरोबर उलटं असायचं. नदीची मोहीम लावली.

तो म्हणाला, "थांब."

मी म्हटलं, थांबत नाही ना.

"हो रे. विसरलो."

मग तो नकाशाकडे बघायला लागला. मी वाट बघितली. खरंच बघितली. पण समोरून शत्रू येत होता. तो म्हणाला, "पुलाजवळची ती तिघं... त्यांना आधी..." शब्द येईपर्यंत तोफा झाडीच्या बाहेर आल्या होत्या. म्हटलं, ते आमिष म्हणून तिथेच बरे आहेत, बघ आता. आणि मग हात चालायलाच लागले माझे. उजवीकडून रणगाडे काढले, नदी उथळ आहे तिथून फौज घातली, कारखाना पाडला. सगळं मनासारखं. वर्षभरात इतका चांगला मी एकदाही खेळलो नव्हतो. 'विजय' अशी अक्षरं आली.

मी म्हटलं, जिंकलो!

तो पडद्यावर पूल होता त्या जागेकडे बघत होता. "ती तिघं?"

म्हटलं, त्याचे गुण कापत नाहीत.

"हं," म्हणाला. टेबलावर हात टेकवला, मग खुर्चीच्या पाठीवर, मग उभा राहिला. मला वाईट वाटू नये म्हणून असेल, दारात थांबला. "छान बनवलायस गेम. पाणी अगदी खरं वाटतं." आणि आत जाऊन पडला.

लोरेन भांडी विसळत होती. मी पुसायला फडकं घेतलं. ती पाठमोरीच म्हणाली, "मार्चनंतरही रोज बसायचा तो त्याच्यापुढे. दुपारी. रोज हरायचा. मला म्हणायचा, स्टेनला सांगू नकोस मी हरतो ते. त्याला वाटेल गेम वाईट झालाय."

मी पुसलेलीच बशी पुन्हा पुसली. तिने हातातून काढून घेतली. कॉम्प्युटरवर टेबलक्लॉथ पुन्हा तिनेच घातला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी उठलो तर आयव्हर आधीच टेबलाशी. पत्ते मांडून बसला होता, एकट्याचा डाव. खिडकीतून ऊन आलेलं. एक पान उचलायचा, ते हवेत थरथरायचं, मग खाली कुठे तरी टेकायचं, मग तो बोटाने सरकवत जागेवर न्यायचा. घाई नव्हती कसली. मला बघून पायाने खुर्ची पुढे लोटली. मी बसलो. त्याला मदत करायची नाही असं मनाशी पक्कं ठरवलं.

किल्वर दश्शी उघडी होती आणि तिच्यावर बसणारी बदाम नव्वी दुसऱ्या टोकाला. त्याचा हात टेबलाच्या कडेशीच होता. किती तरी वेळ तिथेच. मी खिडकीबाहेर बघितलं. कॉफी प्यालो. परत बघितलं तरी तिथेच. शेवटी राहवेना. म्हटलं, आयव्हर, ती बदाम नव्वी.

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"दिसलीय रे मला," म्हणाला. "केव्हाच. हात निघालाय, पोचेल."